ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, पेडणे, म्हापसा इकडच्या उच्च माध्यमिक शाळांत आणि वाचनालयांत मी अधूनमधून ग्राफीनवर मराठीतून बोलतो. व्याख्यान संपल्यावर चहा थंड होईपर्यंत प्रश्न चालतात, आणि मग आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात. तीच उत्तरं पुन्हापुन्हा टंकण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. गणित टाळलं आहे, आकडे टाळलेले नाहीत. ग्राफीनची ताकद, लवचिकपणा, पाणी गाळणं वगैरे विषय इथं नाहीत. इथं फक्त वीज.

१. ग्राफीन आणि ग्राफाइट यांत फरक काय? दोन्ही कार्बनच ना?

दोन्ही कार्बनच. ग्राफीन म्हणजे कार्बन अणूंचा एकच थर. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी, प्रत्येक अणूला तीन शेजारी, दोन शेजाऱ्यांत ०.१४२ नॅनोमीटर अंतर. असे थर एकावर एक रचले की झालं ग्राफाइट. थराथरांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर असतं, म्हणजे १ मिलिमीटर जाड ग्राफाइटमध्ये साधारण ३० लाख थर बसतात.

आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसं औषधालाही नसतं. ग्राफाइट आणि चिकणमाती असते. रेघ ओढताना थर सुटतात आणि कागदाला चिकटून राहतात.

काटेकोर भाषेत ग्राफीन म्हणजे एकच थर. दोन थरांचं ते दुहेरी ग्राफीन, तीन ते दहा थरांचं 'मोजक्या थरांचं'. दहाच्या पुढे गेलात की इलेक्ट्रॉनांच्या लेखी ते ग्राफाइटच. बाजारात ही शिस्त पाळली जात नाही, त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

२. ते चिकटपट्टीने शोधलं म्हणतात. खरं की गंमत?

खरं आहे. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून थर सोलले, पुन्हा सोलले, आणि २००४ मध्ये निबंध छापला. २०१० चं भौतिकीचं नोबेल दोघांना मिळालं. याच गाइम यांना २००० मध्ये, चुंबकीय क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवल्याबद्दल, मायकेल बेरी यांच्यासोबत थट्टेचं इग्नोबेलही मिळालं होतं. शाळेत मुलं हेच लक्षात ठेवतात, आणि माझी त्याला हरकत नाही.

पण चिकटपट्टीच्या गोष्टीत दोन गोष्टी झाकल्या जातात. एक, सिद्धांत फार जुना आहे. एका थरातले इलेक्ट्रॉन कसे वागतील याचं गणित फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्येच केलं होतं, तेही ग्राफाइट समजून घेण्यासाठी पहिली पायरी म्हणून. दोन, थर सोलणं हे काम अर्धंच. तो दिसायला हवा. सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन डायऑक्साइडचा लेप असलेल्या चकतीवर ठेवला, की परावर्तित प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे एका अणूच्या जाडीचा तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकात पुसट जांभळा दिसतो. लेपाची जाडी थोडी चुकली असती तर समोर असूनही दिसला नसता. शिवाय त्या निबंधाचा खरा विषय सोलणं नव्हताच. त्या तुकड्याला विजेची टोकं जोडून मोजमाप केलं, हे मोठं काम.

३. सर, हे आम्हाला घरी करून बघता येईल का?

थर सोलता येतील. चांगल्या ग्राफाइटच्या कपच्यांवर चिकटपट्टी लावा, दुमडा, उघडा, दहाएक वेळा. शेवटी पट्टीवर राखाडी धूळ दिसेल आणि तिच्यात कुठेतरी एकेरी थरही असेल, पण तो ओळखण्याची सोय घरी नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर करूच नका. आपल्याकडच्या दमट हवेत पट्टी नीट चिकटत नाही, असा माझा अनुभव.

त्यापेक्षा हे करा. ६बी किंवा ८बी पेन्सिलीने कागदावर जाड, काळीकुट्ट रेघ काढा आणि मल्टीमीटरची टोकं तिच्यावर ठेवा. रोध मोजता येतो. टोकं जवळ आणली की तो कमी होतो, रेघ गिरवून जाड केली की आणखी कमी होतो. यात ग्राफीनची कुठलीच नवलाई दिसणार नाही, पण वीज थरांच्या कपच्यांतून वाट काढते हे हाताला कळतं.

४. ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांत एवढं वेगळं काय आहे?

या पानावरचं सगळं या उत्तरावर उभं आहे, म्हणून जरा सावकाश.

कार्बनच्या बाहेरच्या चार इलेक्ट्रॉनांपैकी तीन शेजाऱ्यांशी बंध जोडण्यात गुंततात. चौथा मोकळा राहतो आणि जाळीभर फिरतो. आता कागदावर चार-पाच षटकोन चिकटवून काढा आणि कोपऱ्यांना एकाआड एक तांबडा आणि निळा रंग द्या. प्रत्येक तांबड्याचे तिन्ही शेजारी निळे निघतील, प्रत्येक निळ्याचे तांबडे. म्हणजे अणू सगळे कार्बनचे, पण बसण्याच्या जागा दोन जातींच्या. इलेक्ट्रॉनाची लाट या दोन्ही जातींवर एकाच वेळी पसरलेली असते, आणि दोन्ही जाती तंतोतंत सारख्या असल्यामुळे काही ठरावीक संवेगांपाशी वरचा आणि खालचा ऊर्जापट्टा (इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांचा पट्टा) एकमेकांना एका बिंदूत टेकतात. त्या बिंदूभोवती संवेगानुसार ऊर्जेचा आलेख काढला तर दोन शंकू टोकाला टोक लावून उभे दिसतात. यांना डिरॅक शंकू म्हणतात, कारण पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनासाठी जे समीकरण मांडलं, तसंच इथं लागू पडतं.

शंकू असला म्हणून काय झालं? नेहमीच्या धातूत किंवा सिलिकॉनमध्ये संवेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, आणि वेग वाढतो. ग्राफीनमध्ये संवेग दुप्पट, तर ऊर्जाही दुप्पटच. वेग मात्र तोच राहतो, सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर, प्रकाशाच्या ३०० व्या हिश्श्याइतका.

हे समुद्राजवळ राहणाऱ्याला समजावणं सोपं आहे. खोल समुद्रात लांब लाटा पुढे पळतात, आखूड लाटा मागे पडतात. तीच लाट मिरामारच्या उथळ पाण्यात आली की तिचा वेग फक्त पाण्याच्या खोलीवर ठरतो. लाट लांब असो की आखूड, १ मीटर खोल पाण्यात ती सेकंदाला ३ मीटरच्या आसपासच जाणार. ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन कायम उथळ पाण्यातल्या लाटा आहेत.

मला यात सगळ्यांत भावतं ते हे, की ही करामत कार्बनची कमी आणि मांडणीची जास्त आहे. २०१२ मध्ये स्टॅनफर्डमध्ये तांब्याच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडचे रेणू एकेक करून अशा नक्षीत मांडले, की मधल्या मोकळ्या जागेत इलेक्ट्रॉनांना षटकोनी जाळीतूनच फिरावं लागलं. तांब्याचे ते इलेक्ट्रॉन ग्राफीनसारखे वागू लागले.

५. 'बँड गॅप नाही' म्हणजे नक्की काय नाही?

इलेक्ट्रॉनांनी भरलेला खालचा पट्टा आणि रिकामा वरचा पट्टा यांच्यात जी मोकळी दरी असते, ती नाही. सिलिकॉनमध्ये ही दरी १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची (हे ऊर्जेचं एकक). ग्राफीनमध्ये शून्य, कारण पट्टे बिंदूत टेकलेले.

दरी नसण्याचं कारण तांबड्या-निळ्या जागांची तंतोतंत बरोबरी (प्रश्न ४). याचा पडताळा निसर्गानेच ठेवला आहे. षटकोनी बोरॉन नायट्राइडची जाळी अगदी ग्राफीनसारखी, पण तांबड्या जागी बोरॉन आणि निळ्या जागी नायट्रोजन. बरोबरी मोडली, दरी ६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास उघडली, आणि तो पदार्थ पक्का विद्युतरोधक झाला. तोच आता ग्राफीनचा सर्वोत्तम सोबती आहे, हे प्रश्न ८ मध्ये येईल.

६. म्हणजे ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन जगात सगळ्यांत वेगवान?

नाही, आणि हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून आलं आहे की मी मोजणं सोडलं. तांब्यातल्या वाहक इलेक्ट्रॉनांचा वेग सेकंदाला सुमारे १,५७० किलोमीटर असतो, ग्राफीनपेक्षा जास्तच. ग्राफीनचं वैशिष्ट्य वेगाच्या आकड्यात नाही. तो वेग ऊर्जेवर अवलंबून नाही, आणि वाटेत धडका कमी, या दोन गोष्टींत आहे.

७. इलेक्ट्रॉनाचं वस्तुमान शून्य कसं होईल? वजन काट्यावर कमी भरतं का?

काट्यावर काहीच बदलत नाही. इलेक्ट्रॉन तोच, त्याचं वस्तुमान तेच. बदलतं ते त्याचं जाळीतलं वागणं. वस्तुमान नसलेल्या कणांत, उदाहरणार्थ प्रकाशकणांत, ऊर्जा आणि संवेग सरळ प्रमाणात असतात. ग्राफीनमधला इलेक्ट्रॉन तसा वागतो, एवढाच 'शून्य वस्तुमान' या शब्दांचा अर्थ.

इथं हुशार विद्यार्थी पेच टाकतात : 'मग चुंबकीय क्षेत्रात फिरवून त्याचं वस्तुमान मोजलं, तर शून्य का येत नाही?' बरोबर आहे, येत नाही. त्या प्रयोगात मोजलं जाणारं वस्तुमान म्हणजे ऊर्जा भागिले वेगाचा वर्ग. ऊर्जा शून्य नसेल तर हेही शून्य नाही. चौरस सेंटिमीटरला १०^१२ वाहक असताना ते नेहमीच्या इलेक्ट्रॉनाच्या सुमारे २ टक्के भरतं, आणि वाहक कमी करत गेलं तर त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे घटतं. २००५ मध्ये हेच घटणं मोजून शंकूचा पुरावा मिळाला. वस्तुमान बदलतं राहतं, हाच ते शून्य असल्याचा पुरावा! माझ्या मते या विषयातलं हे सगळ्यांत देखणं मोजमाप.

८. मोबिलिटीचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का दिसतात?

मोबिलिटी म्हणजे ठरावीक विद्युत क्षेत्रात वाहक किती झपाट्याने सरकतात याचं माप. आकडे वेगळे दिसतात, कारण ती ग्राफीनच्या शेजाराची परीक्षा असते. सिलिकॉन डायऑक्साइडवर पडलेल्या ग्राफीनची मोबिलिटी १०,००० च्या घरात भरते, एकक चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद. तोच तुकडा खालचा आधार काढून पुलासारखा अधांतरी टांगला, अतिशय थंड केला आणि स्वच्छ केला, तेव्हा २००८ मध्ये २,००,००० हून अधिक मिळाली. तुलनेला सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन : सुमारे १,४००. टांगलेला तुकडा हाताळणं अवघड, म्हणून २०१० पासून ग्राफीन बोरॉन नायट्राइडच्या थरांवर, पुढे दोन थरांच्या मध्ये, ठेवतात. त्याचा पृष्ठभाग अणूपातळीवर सपाट आणि विजेच्या दृष्टीने निर्विकार.

९. मग अजून मोबाइलमध्ये सिलिकॉनच का? ग्राफीनचा प्रोसेसर कधी येणार?

आपल्या खाजन शेतीतली मानस आठवा. बांधात बसवलेलं लाकडी दार. भरतीला दाबाने बंद होतं, ओहोटीला उघडतं. खारं पाणी आत येऊ न देणं हे तिचं काम; दार कितीही मोठं उघडत असलं, तरी बंद होत नसेल तर त्या मानशीचा शेताला उपयोग नाही.

संगणकातला ट्रान्झिस्टर ही अशीच मानस आहे. उघडी म्हणजे १, बंद म्हणजे ०. चालू आणि बंद अवस्थेतल्या प्रवाहांत निदान १०,००० पटींचा फरक लागतो, खरं तर त्याहून जास्तच. ग्राफीनच्या मोठ्या तुकड्यात हा फरक साध्या तापमानाला जेमतेम पाच-दहा पट मिळतो. दरीच नाही (प्रश्न ५), तेव्हा इलेक्ट्रॉनांना अडवायला जागा नाही. वरून विद्युत क्षेत्र लावून इलेक्ट्रॉन हटवले, की त्यांची जागा 'होल' म्हणजे धन वाहक घेतात आणि वीज वाहतच राहते. इलेक्ट्रॉन अडत नाहीत म्हणून ग्राफीन नावाजलं गेलं, आणि त्याच कारणाने ते संगणकाच्या दारात अडलं.

जिथं पूर्ण बंद होण्याची गरज नसते, तिथं गोष्ट वेगळी. २०१० मध्ये आयबीएमने १०० गिगाहर्ट्झवर चालणारा ग्राफीन ट्रान्झिस्टर दाखवला. तो संदेश मोठा करण्यासाठी, हिशेबासाठी नव्हे.

१०. दरी नाही तर मुद्दाम तयार करता येत नाही का?

येते. प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते.

पहिला उपाय, ग्राफीनच्या अरुंद पट्ट्या कापणं. पट्टी जितकी अरुंद तितकी दरी मोठी, पण उपयोगी दरीसाठी रुंदी १० नॅनोमीटरच्या खाली न्यावी लागते, आणि तिथं कडा जराशा ओबडधोबड झाल्या तरी इलेक्ट्रॉन ठेचकाळतात.

दुसरा, दुहेरी ग्राफीन. त्याला थरांच्या आरपार विद्युत क्षेत्र लावलं की वरचा थर आणि खालचा थर यांची बरोबरी मोडते आणि दरी उघडते. २००९ मध्ये बर्कलीत ती ०.२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेली. खुंटी पिळून दरी लहानमोठी करता येते, असा पदार्थ विरळा. तरी सिलिकॉनच्या पाव हिश्श्यालाही ती पोचत नाही.

तिसरा, सिलिकॉन कार्बाइडवर उगवलेला थर. जानेवारी २०२४ मध्ये वॉल्टर द हीर यांच्या जॉर्जिया टेकमधल्या आणि चीनच्या त्यांजिन विद्यापीठातल्या गटाने अशा थरात ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी आणि ५,००० हून अधिक मोबिलिटी एकत्र दाखवली. शुद्धतावादी म्हणतील, हा थर खालच्या स्फटिकाशी बंधांनी जोडलेला असल्यामुळे मोकळं ग्राफीन नाही. त्यांचंही बरोबर आहे.

११. घरातल्या वायरी तांब्याऐवजी ग्राफीनच्या करता येतील?

नाही. 'ग्राफीन तांब्याहून चांगलं सुवाहक' या वाक्यात एक मेख आहे. एका थराचा रोध त्याच्या ०.३३५ नॅनोमीटर जाडीने गुणून विशिष्ट रोध काढला, तर आदर्श ग्राफीनचा आकडा तांब्याहून खरोखर कमी येतो. पण एका थराच्या चौकोनी तुकड्याचा रोध निदान ३० ओहम. सर्किट बोर्डावरच्या ३५ मायक्रॉन जाड तांब्याच्या चौकोनाचा ०.०००५ ओहम. वायरमनला विशिष्ट रोधाशी नव्हे, हातातल्या वायरीशी कर्तव्य असतं. थर रचून जाडी वाढवली तर प्रश्न १ मधलं ग्राफाइट हाती लागतं.

१२. काकांनी गाडीला 'ग्राफीन कोटिंग' करून घेतलं. दुकानात 'ग्राफीन बॅटरी'ही मिळते. हेच का ते?

या पानावर वर्णन केलेला एकही गुण त्यात वापरलेला नसतो. बॅटरीत ग्राफीनच्या कपच्या इलेक्ट्रोडमध्ये मिसळतात, तेही वीज नीट पसरावी म्हणून. ते उपयोगी असू शकतं, पण तिथं शंकूचा किंवा शून्य वस्तुमानाचा संबंध नाही. आणि डब्यावर ग्राफीन लिहिलेलं असलं तरी आत काय आहे हा प्रश्न उरतोच. २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी जगभरातल्या ६० उत्पादकांचे नमुने तपासले. बहुतेकांत खरं ग्राफीन १० टक्क्यांहून कमी होतं, बाकी बारीक दळलेलं ग्राफाइट. मीही एकदा 'ग्राफीनची' म्हणून वीज वाचवणारी चकती घेऊन बसलो आहे. विक्रेता बोलायला गोड होता.

१३. इतका पातळ थर तर अदृश्य असायला हवा ना?

उलट, एका अणूच्या थराने २.३ टक्के प्रकाश शोषणं ही चंगळ आहे. २००८ मध्ये मँचेस्टरच्या गटाने हे मोजलं; निबंधावर पहिलं नाव राहुल नायर या मूळच्या केरळच्या संशोधकाचं. गंमत आकड्यात आहे. पाय भागिले १३७ करा, २.३ टक्के येतात. हा १३७ म्हणजे प्रकाश आणि विद्युतभार यांचं नातं सांगणाऱ्या मूलभूत स्थिरांकाचा व्यस्त. दृश्य प्रकाशाचा रंग कुठलाही असो, शोषण जवळपास तेवढंच. शंकूला दरी नाही, त्यामुळे कुठल्याही रंगाच्या प्रकाशकणाला जोडीच्या दोन पातळ्या सापडतात.

१४. शंकूच्या टोकावर वाहकच नसतात, तर तिथं वीज थांबायला हवी. थांबते का?

थांबत नाही. सगळ्यांत कमी वाहकता काही ठरावीक मूल्याच्या आसपास अडून राहते. एका चौकोनाचा रोध हजारो ओहममध्ये जातो, अनंत होत नाही. एक कारण मूलभूत आहे : आदर्श ग्राफीनमध्येही लाटा टोकावरून थोड्याफार झिरपतात. दुसरं कारण अगदी आपल्या ओळखीचं. खालच्या आधारात अडकलेल्या भारांमुळे थरात कुठं इलेक्ट्रॉनांचं डबकं साचतं, कुठं होलांचं. सरासरी शून्य असली तरी डबकी रिकामी नसतात, आणि पावसाळ्यातल्या कच्च्या रस्त्यासारखी एकमेकांना लागून असतात. शास्त्रज्ञही त्यांना डबकीच म्हणतात. ती २००८ मध्ये प्रत्यक्ष टिपली गेली.

१५. ग्राफीनवरचं उपकरण गोव्याच्या पावसाळ्यात वेगळे आकडे दाखवेल का?

उघडं असेल तर हो. सगळे अणू पृष्ठभागावरच असल्यामुळे ग्राफीनला आतली बाजूच नाही; हवेतलं बाष्प आणि ऑक्सिजन थेट इलेक्ट्रॉनांशी भिडतात. यांच्यामुळे बहुधा होल वाढतात आणि शून्यबिंदू, म्हणजे ज्या व्होल्टेजला रोध सर्वाधिक असतो ते, सरकतो. शिवाय व्होल्टेज चढवताना एक आलेख आणि उतरवताना दुसरा, असंही होतं. म्हणून मोजण्याआधी नमुना निर्वातात तापवून घेतात. हाच दोष उलटा धरला की तो वायू ओळखणारा संवेदक होतो : २००७ मध्ये एकेक वायुरेणू चिकटल्याची नोंद ग्राफीनने दिली.

१६. क्लाइन टनेलिंग म्हणजे इलेक्ट्रॉन भिंतीतून आरपार जातो, हे पटत नाही.

न पटणं स्वाभाविक आहे. १९२९ मध्ये ऑस्कर क्लाइन यांनाही ते विरोधाभासासारखं दिसलं होतं. नेहमीचा क्वांटम कण ऊर्जेच्या उंच अडथळ्यातून क्वचितच पलीकडे निसटतो, आणि अडथळा जाड झाला की शक्यता झपाट्याने घटते. ग्राफीनमध्ये अडथळ्यावर बरोबर काटकोनात आलेला इलेक्ट्रॉन शंभर टक्के पार होतो, मग अडथळा कितीही उंच, कितीही जाड असो. बांध असून नसल्यासारखा.

कारण पुन्हा तांबडे-निळे. इलेक्ट्रॉनाची लाट दोन जातींवर ज्या मेळाने पसरते तो मेळ त्याच्या दिशेशी बांधलेला असतो. मागे फिरायचं तर मेळ पूर्ण उलटावा लागेल, आणि गुळगुळीत अडथळा दोन्ही जातींना सारखाच ढकलत असल्याने तो मेळ उलटवू शकत नाही. अडथळ्याच्या आत इलेक्ट्रॉन होलाच्या रूपात प्रवास करतो, पलीकडे पुन्हा इलेक्ट्रॉन. सिद्धांत २००६ चा, प्रयोगातला पुरावा २००९ चा.

अपवाद दोन. तिरका आलेला इलेक्ट्रॉन परतू शकतो. आणि दुहेरी ग्राफीनमध्ये नेमकं उलट घडतं : काटकोनात आलेला पूर्ण परततो. एक थर वाढवला आणि नियम उलटला!

१७. क्वांटम हॉल परिणाम आधीही माहीत होता. ग्राफीनमध्ये नवीन काय?

पायऱ्या सरकलेल्या आहेत. इतर पदार्थांच्या पातळ थरांत जोरदार चुंबकीय क्षेत्रात, प्रवाहाला काटकोनात मोजलेली वाहकता सलग न चढता पूर्णांकी पायऱ्यांनी चढते; हाच क्वांटम हॉल परिणाम. ग्राफीनमध्ये मूळ एककाच्या २, ६, १० अशा पटींनी. चाराचं अंतर आहे, पण सुरुवात अर्ध्या पायरीवरून. कारण टोकाच्या शून्य ऊर्जेवर एक पातळी बसते आणि ती इलेक्ट्रॉन आणि होल निम्मीनिम्मी वाटून घेतात. २००५ मध्ये मँचेस्टरचा गट आणि कोलंबिया विद्यापीठातला फिलिप किम यांचा गट, दोघांनी एकाच वेळी हे दाखवलं.

दुसरी नवलाई तापमानाची. हा परिणाम पाहायला सहसा अतिशीत नमुना लागतो. ग्राफीनमधल्या पातळ्यांतलं अंतर इतकं मोठं, की २००७ मध्ये तो खोलीच्या तापमानाला दिसला, अर्थात प्रचंड चुंबकीय क्षेत्रात. रोधाचं प्रमाण ठरवणाऱ्या प्रयोगशाळा आता ग्राफीन वापरतात. तिथं २५,८१२.८०७ ओहम या स्थिरांकाचा (वरच्या मूळ एककाचा व्यस्त) अर्धा भाग, म्हणजे सुमारे १२,९०६ ओहम, ते फार काटेकोरपणे देतं.

१८. 'जादूचा कोन' काय भानगड आहे?

खिडकीच्या डासांच्या जाळीचे दोन तुकडे एकावर एक ठेवा आणि वरचा जरासा फिरवा. मोठमोठी नक्षी उमटते, आणि कोन जितका लहान तितकी नक्षी मोठी. ग्राफीनच्या दोन थरांत १.१ अंशाचा कोन ठेवला, की नक्षीची घरं सुमारे १३ नॅनोमीटरची होतात, मूळ जाळीच्या पन्नासपटीहून मोठी. राफी बिस्ट्रिट्झर आणि अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांनी २०११ मध्ये गणिताने सांगितलं होतं, की या कोनाजवळ इलेक्ट्रॉन जवळजवळ थबकतात. शंकू चेपून सपाट होतो.

आणि थबकलेले इलेक्ट्रॉन एकमेकांकडे लक्ष देऊ लागतात. २०१८ मध्ये एमआयटीत पाब्लो हारिल्यो-हेर्रेरो आणि युआन काओ यांच्या गटाला त्याच दुहेरी थरात आधी विद्युतरोधक अवस्था आणि मग १.७ केल्विनला अतिसंवाहकता, म्हणजे शून्य रोधाने वीज वाहणं, सापडली. १.७ केल्विन म्हणजे उणे २७१ अंशांच्याही खाली, तेव्हा घरच्या फ्रिजची आशा नको. त्यात कुठलंही नवीन मूलद्रव्य मिसळलेलं नाही. फक्त फिरवलं.

लक्षात घ्या, साध्या एकेरी ग्राफीनमध्ये हे घडत नाही. 'ग्राफीन अतिसंवाहक आहे' असं कुणी म्हणालं तर कोन विचारा.

१९. गोव्यात राहून यावर काम करता येईल का?

सुरुवात नक्कीच. वॉलेस यांचं गणित दोन ओळी-दोन स्तंभांच्या मॅट्रिक्सवर उभं आहे. बीएस्सीच्या विद्यार्थ्याला लॅपटॉपवर एका संध्याकाळी शंकू काढता येतात, आणि मी ज्यांच्याकडून काढून घेतले त्यांना ते पुन्हा विसरता आले नाहीत. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ, झुआरीनगरला बिट्स पिलानीचा परिसर, फर्मागुडीला आयआयटी, तिन्हीकडे भौतिकी शिकवतात. थेट ग्राफीनवर मोजमाप करायचं तर बंगळुरूचं भारतीय विज्ञान संस्थान रात्रीच्या बसइतकंच दूर आहे; तिथलं काम पुढच्या उत्तरात आहे. कोचीला ग्राफीनसाठी वेगळं राष्ट्रीय केंद्रही आहे, पण त्याचा भर उत्पादनांवर.

२०. जो पदार्थ वीज चांगली वाहतो तोच उष्णताही चांगली वाहतो, असं पुस्तकात आहे. ग्राफीन हा नियम मोडतं का?

एका ठिकाणी चक्काचूर करतं. हा वीडेमान-फ्रांझ नियम १८५३ पासून धातूंत पाळला जातो, कारण वीज आणि उष्णता दोन्ही तेच इलेक्ट्रॉन वाहून नेतात. इथं उष्णता म्हणजे इलेक्ट्रॉनांनी वाहिलेली. जाळीच्या कंपनांनी जाणारी वेगळी.

भरपूर वाहक असलेल्या ग्राफीनमध्येही नियम चालतो. अतिशय शुद्ध नमुना घेऊन शंकूच्या टोकाजवळ आलं, की इलेक्ट्रॉन आणि होल अशुद्धीपेक्षा एकमेकांवरच जास्त आदळतात आणि सगळा जमाव द्रवासारखा वाहू लागतो. उष्णता वाहताना इलेक्ट्रॉन आणि होल एकाच दिशेने जातात, त्यामुळे वाट मोकळी. वीज वाहताना ते विरुद्ध दिशांना जातात आणि एकमेकांना घासतात. एकाच जत्रेत सगळे देवळाकडे निघाले तर गर्दी सरकते. निम्मे जाणारे, निम्मे येणारे असले तर खोळंबा. म्हणून दोन्ही वाहकतांची फारकत होते. २०१६ मध्ये हार्वर्डच्या गटाने ती दाखवली. २०२५ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थानात अरिंदम घोष यांच्या गटाने जपानमध्ये बनलेल्या बोरॉन नायट्राइडच्या स्फटिकांत बंद केलेल्या ग्राफीनवर मोजलं, तेव्हा नियमाने सांगितलेल्या गुणोत्तरापेक्षा २०० पटींहून जास्त फरक निघाला.

हा द्रव टोकापाशीच, आणि स्वच्छ नमुन्यातच सापडतो. प्रश्न १४ मधली डबकी मोठी असतील तर तो दिसतच नाही.